एका दाराचं विमान

...नाही, मी म्हणते विमान घ्या, हवी तर दोन घ्या, पण कोणतं घेताय ते शेजाऱ्यांना सांगायला नको का? तुम्हाला सांगते, तीन आठवडे आमच्या शेजारचे दातांचे डॉक्टर जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसलेत, डावीकडे एका विमानाचे, उजवीकडे दुसऱ्याचे, आणि मी वाटीभर साखर मागायला गेले की दोन्ही ढीग पालथे घालतात. मी काय विमान घेणार आहे? आमच्याकडे सायकलीत हवा भरायची म्हटली तरी आमचे हे उद्यावर ढकलतात. पण एक आपलं कुतूहल... आणि विचारायला काय जातं?

विचारलं. मग कळलं की दवाखाना कायमचा बंद केल्यावर डॉक्टर रोज सकाळी फिरायला जातात असं जे आम्ही समजत होतो ना, ते विमान शिकायला जात होते. ज्या वयात माणूस गुडघ्याला तेल चोळतो त्या वयात यांनी परवाना काढला, आणि आता स्वतःचं हवं. दोन बघून ठेवलेली, दोन्ही जुनी, दोन्ही चार जणांची, पुढे एक पंखा आणि एकच इंजिन. एक सेसना, त्याचे पंख डोक्यावर, म्हणून मी त्याला छपरावालं म्हणते. दुसरं पायपर, त्याचे पंख खाली, पंखावर पाय देऊन आत चढायचं, म्हणून ते ओट्यावालं. रविवारपर्यंत काय ते सांगायचं होतं, दोन्हींना दुसरी गिऱ्हाइकं लागलेली.

पण खरी अडचण विमानाची नव्हतीच, वहिनींची होती. डॉक्टर म्हणाले, "ही बसणार असेल तर घेतो. नाहीतर एकटा वर जाऊन काय ढगांशी गप्पा मारू?" आणि वहिनी ओटा पुसता पुसता म्हणाल्या, "बघते." आता वहिनींचं "बघते" म्हणजे "नाही", हे एकतीस वर्षांत डॉक्टरांना कळलंय आणि अकरा वर्षांत मला. डॉक्टरांचा चेहरा असा पडला, की मीच म्हटलं, वहिनी, नुसतं बघून तर येऊ, मी येते सोबतीला. बघायला आणि विचारायला काय जातं?

तर शनिवारी तिघं गेलो. ही मोठी पत्र्याची शेड, तेलाचा वास, आणि शेजारी शेजारी ती दोन विमानं... आणि तुम्हाला सांगते, इतकी लहान, की मी विचारलं, बाकीचं कुठेय? मेकॅनिक खांद्यावर फडकं टाकून उभा. डॉक्टरांनी खिशातून काय काढलं असेल? दाढा बघायचा तो दांडीचा आरसा. आणि इंजिनाचं झाकण उघडून आत आरसा घालून बघतायत. मेकॅनिक म्हणतो, "कीड आहे का, डॉक्टर?"

मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, इंजिन एकच, मग ते बंद पडलं तर? तो म्हणाला, "पंख असतात ना बाई, तरंगत तरंगत खाली येतं." कुठे येतं? "जिथे मोकळी जागा दिसेल तिथे." आणि नाही दिसली तर? तेव्हा त्याने डॉक्टरांना विचारलं, "या कोण?" डॉक्टर म्हणाले, "शेजारीण." "असं होय," म्हणाला, आणि पाना शोधायला गेला. आता यात चिडण्यासारखं काय होतं?

आधी छपरावालं. दोन्ही बाजूंना दारं, वहिनी आपल्या दारातून, डॉक्टर त्यांच्या. डॉक्टर नुसते खुलले होते. "बघ, पंख वर आहेत, खालचं सगळं दिसेल. आणि दोन्ही टाक्यांतलं पेट्रोल आपोआप येतं. त्या दुसऱ्यात अर्ध्या अर्ध्या तासाने डावी-उजवी टाकी आपण बदलायची." वहिनी म्हणाल्या, "मग ते नकोच. गॅसवरच्या दुधाकडे बघा म्हटलं तर तुम्ही बघता, आणि ते तुमच्यादेखत उतू जातं." म्हणजे ठरलंच की... डॉक्टर टुणकन उतरले, मेकॅनिकचा हात धरून शेपटीकडे चालायलाही लागले, आणि वहिनी आत, दाराची कडी कुठे ते चाचपडत. मी बाहेरून उघडलं.

मग आता आलोच आहोत तर म्हणून ओट्यावालं. याला दार एकच, तेही उजवीकडे. डॉक्टर पंखावर चढून, वाकून, सरपटत पलीकडच्या खुर्चीत गेले, मग वहिनी बसल्या. मेकॅनिकने कड्या दाखवल्या, एक बाजूला, एक वर. "आणि उतरताना आधी बाई, मग डॉक्टर."

वहिनी म्हणाल्या, "म्हणजे मी उतरल्याशिवाय हे उतरू शकत नाहीत?"

"कसे उतरतील? दार तुमच्याकडे."

"कधीच नाही?"

"नाही."

वहिनींनी वरची कडी लावली. काढली. परत लावली. म्हणाल्या, "अहो, हे घ्या."

डॉक्टर बघतच राहिले. "अगं, पण टाक्या? मी विसरेन म्हणालीस ना?" "मी आठवण करीन." "खालचं दिसणार नाही तुला, पंख मध्ये येतो." "मला खालचं बघायचंय असं कोण म्हणालं?"

आता मला राहवेना. परत येताना वहिनींना मागे ओढून म्हटलं, का हो? विचारायला काय जातं? वहिनी पुढे चाललेल्या डॉक्टरांकडे बघत म्हणाल्या, "एकतीस वर्षं ही पाठ बघत चाललेय. गाडीतून उतरले की हे दहा पावलं पुढे, आणि मी दार लावून, पर्स सांभाळत मागून धावतेय. बाजारात तेच, लग्नात तेच, माझ्या आईला दवाखान्यात बघायला गेलो तेव्हाही तेच. यात बसून राहावं लागेल त्यांना."

घेतलं. परवा पहिल्यांदा तिघं वर गेलो, मी मागच्या खुर्चीत. वहिनी घड्याळ धरून बसलेल्या. "अहो, टाकी." "बदलली." "दाखवा." असे दोनदा टाक्या बदलून सुखरूप खाली आलो. पंखा थांबला. डॉक्टरांचा हात सवयीने डावीकडे गेला, तिथे नुसती भिंत. मग त्यांनी हात मांडीवर ठेवला.

"उतरतेस ना?"

"उतरते की. घाई आहे?"

डॉक्टरांनी जरा विचार केला. "नाही. घाई कसली?" मग अगदी हळू, "भ्यायलीस का गं?"

"चढताना."

"मग सांगायचं ना मला."

"थांबलात कधी, सांगायला?"

डॉक्टर खुर्चीतल्या खुर्चीत वहिनींकडे वळले. मग म्हणाले, "आता थांबलोय. सांग."

आणि वहिनी सांगायला लागल्या... तुम्हाला सांगते, जन्मात पहिल्यांदा मला वाटलं, आपण इथे नसावं, हे ऐकू नये, गुपचूप उठून घरी जावं. पण जाणार कुठून? दार पुढे, वहिनींच्या हाताशी. पाऊण तास बसले. ऐकलं सगळं, काय करता.