झोपवून की जागेपणी

रुग्णालयातल्या वाचातज्ज्ञ रेश्मीच्या हातात चित्रांची दहा कार्डं होती: चार घरातल्या वस्तू, सहा मासे. मासे खास लाझरसाठी होते. तो कोल्लमच्या बंदरावर मासळीचा लिलाव पुकारायचा. पडद्यापलीकडे त्याचं आणि बायकोचं, फिलोमिनाचं, त्याच्या मेंदूतल्या गाठीच्या शस्त्रक्रियेवरून बोलणं चाललं होतं.

"कवटी उघडी आणि माणूस जागा! झोपवूनच करा म्हणावं," फिलोमिना म्हणाली.

"जागं ठेवलं तर चित्रं दाखवतात. नाव सांगता आलं नाही की डॉक्टर तिथंच थांबतात. वाचा वाचते."

"आणि उरलेली गाठ?"

"ती राहते."

"झोपवलं तर सगळी काढतील."

"वाचेसकट. मुका लिलाववाला काय करणार, मासे हुंगणार?"

"मुके राहा, पण राहा. भांडणात एकदा तरी मी जिंकेन."

"तुला हाक मारता येणार नाही गं."

"नाव कधी घेतलंत? तीस वर्षं 'अगं ए'वर काढलीत."

शेवटी फिलोमिनानंच माघार घेतली.

"बरं, जागे राहा. पण एकाही चित्राला अडू नका. सगळी गाठ निघू दे."

"बाजारात कधी अडलोय?"

फिलोमिना पडद्याबाहेर आली. तिनं आपला छोटा फोटो रेश्मीच्या हातात ठेवला.

"मोळे, पोरी, हाही त्या चित्रांत घाल. मी दिसले की त्यांना धीर येईल."

शस्त्रक्रियेच्या वेळी लाझरनं बांगडा, तारली, सुरमई खणखणीत पुकारले. मग फोटो आला. त्याचे ओठ हलले, डोळे भरले. रेश्मीनं तो तीनदा दाखवला. आवाज फुटला नाही. डॉक्टरांनी हात थांबवला.

दुसऱ्या दिवशीच्या स्कॅनमध्ये बत्तीस टक्के गाठ शिल्लक होती.