वरची डेअरी, खालची डेअरी

बायडाबाई: तितंच थांबा पावणं. उंबऱ्याच्या आत न्हाय यायचं. कुणी धाडलंय तुमास्नी? सरपंचानं?

स्नेहल: कुणी नाही, आज्जी. मी स्नेहल. पेठ वडगावच्या नेमगोंडा पाटलांची मुलगी. आमची संस्था गावाचा नकाशा करतेय. कुणाच्या घरात खरोखर ओढाताण आहे, ते शोधायचं आणि सरकारी यादीत घालायचं.

बायडाबाई: मग हितं कशाला आलाईसा? वर बघा. स्लॅब हाय. पंखा हाय. माझ्या ल्येकानं, बाळासोनं हौसंनं बांधलंय. ज्याच्या घरावर पत्रा हाय त्याच्याकडं जावा की.

स्नेहल: नकाशावर तुमचं घर हिरवंच आहे. हिरवं म्हणजे खाऊनपिऊन सुखी.

बायडाबाई: झालं तर मग! का स्लॅब बघून रेशन तोडायचं हाय? गेल्या साली असाच एकजण आल्ता. गोड गोड बोलला, चा पिला, घराचा फोटू काढला. म्होरल्या म्हयन्यात म्हादबाचं कार्ड गेलं.

स्नेहल: मी काही तोडायला नाही आले.

बायडाबाई: तोडाय आलेला माणूस तसं सांगतोय व्हय? त्यो मोबाईल आधी खाली ठेवा. पालथा.

स्नेहल: हा ठेवला. आता एकच विचारते. दूध कुठं घालता?

बायडाबाई: वरच्या डेअरीला.

स्नेहल: वरच्या डेअरीवाले म्हणाले, आज्जी दिवाळीपासून खालच्या डेअरीला घालतात.

बायडाबाई: मग खालच्या.

स्नेहल: खालचे म्हणतात, वरच्या. त्यांचं एकमेकांशी बोलणं नाही, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. मी दोन्हीकडच्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. नाव दोन्हींत आहे, दूध एकीतही नाही.

बायडाबाई: म्हस आटलीया. मळ्यातल्या खोपीत हाय.

स्नेहल: मग रोज दोन वेळा किटली घेऊन निघता ती?

बायडाबाई: अगं, तू माझ्या पाळतीवर हाईस व्हय गं!

स्नेहल: पाळत कसली? सकाळी ओढ्याच्या उतारावर तुमचा पाय घसरला, मी हात दिला. आठवतंय?

बायडाबाई: तोंडाला फडकं बांधलेली ती तूच व्हय? तरीच.

स्नेहल: तुमची किटली दगडावर आपटली आणि खणकन वाजली. भरलेली किटली अशी वाजत नाही, आज्जी. आमच्याही घरी म्हशी होत्या.

बायडाबाई: दूध घालून माघारी येताना वाजणारच की.

स्नेहल: तुम्ही जात होता.

बायडाबाई: ...आत यी. दार लोट, वाजवू नगंस. शेजारी तानाबाईचे कान लई तिखट हायत.

स्नेहल: म्हैस कधी गेली?

बायडाबाई: बाळासोची किडनी बिघडली तवा. आठवड्यातनं दोन येळा कोल्हापूरला न्यावं लागायचं. म्हस गेली, मागनं ल्योक बी गेला. आता मी आणि नात. क्रांती.

स्नेहल: पण रिकामी किटली कशाला मिरवायची?

बायडाबाई: तुला न्हाय कळायचं. बाई किटली घिऊन निघाली म्हंजे घर चाललंय. एक दिस न्हाय निघाली तर दुपारपतूर गावभर. येत्या रविवारी उचगावची माणसं क्रांतीला बघाय येणार हायत. त्यांचा पयला सवाल, दावणीला काय हाय? म्हशी मळ्यात हायत असं सांगून बसलोय मी.

स्नेहल: निदान पाणी तरी भरून न्यायचं.

बायडाबाई: आणि सांडलं तर? चार बायकांम्होरं किटलीतनं पाणी सांडल्यावर काय सांगू?

स्नेहल: जेवता काय दोघी?

बायडाबाई: तुला काय करायचंय? ...मी म्हणतो माझं झालंय. ती म्हणती माझं कालेजात झालंय. सकाळी बघावं तर एकच भाकरी, बुट्टीत तशीच. दोघी बी लबाड. परवा पोरगी चक्कर येऊन पडली, तर उनानं म्हणून सांगितलं.

स्नेहल: मग मला तुमचं घर तांबडं करू द्या. शुक्रवारी ग्रामसभेत नावं वाचतील. ठराव झाला की जादा धान्य मिळेल, पेन्शनचाही अर्ज होईल.

बायडाबाई: वाचत्यात? मोठ्यानं? समद्यांम्होरं?

स्नेहल: त्याशिवाय ठराव होत नाही.

बायडाबाई: शुक्रवारी वाचलं की शनवारी उचगावात. न्हाय. हिरवंच ऱ्हाऊ दे. नातीची सोयरीक मोडून धान्य खाऊ व्हय मी?

स्नेहल: तुम्ही एकट्या नाही, आज्जी. याच गल्लीत आणखी एक घर आहे. नाव दोन्ही डेअरीत, दूध कुठंच नाही.

बायडाबाई: कुणाचं?

स्नेहल: ते नाही सांगणार. तुमचंही त्यांना सांगितलेलं नाही. दुपारी त्यांच्याकडे जाऊन आले. घरात लहान नातवंडं आहेत. त्यांनीही हात जोडले. म्हणाल्या, पयलं नाव आमचं नको.

बायडाबाई: खोटं बोलतीयास. ह्या गल्लीत समदी खाऊनपिऊन हायत. मला बोलती कराय रचलंयस तू हे.

(दार ढकललं जातं. उंबऱ्याला किटली लागते आणि खणकन वाजते.)

तानाबाई: बायडाक्का, हाईस का गं? डेअरीला चाललोय, म्हटलं डोकवावं. कोण ही पावणी? मी न्हाय बा कधी बघितली.

स्नेहल: नाही, मावशी. आपण पहिल्यांदाच भेटतोय.

तानाबाई: काय इचारत हुती गं तुला? कुणाचं काय सांगत हुती?

बायडाबाई: कुणाचं न्हाय. म्हशी मोजाय आलीया.

तानाबाई: आमच्या मळ्यात हायत्या हं. आत्ता न्हाय दिसायच्या. दूध बी लई हाय सध्या. ही बघ की, काठोकाठ.

बायडाबाई: ...व्हय. नातवंडं जेवली का गं तुझी?

तानाबाई: जेवली की. मगाशीच.

बायडाबाई: स्नेहल.

स्नेहल: काय, आज्जी?

बायडाबाई: पयलं नाव माझं घाल.

स्नेहल: आणि रविवारचं?

बायडाबाई: यायचं आसंल ते येतील. तू घाल.

तानाबाई: कशात नाव घालतीयास गं, बायडाक्का?

बायडाबाई: शुक्रवारी ग्रामसभेत वाचणार हायत, तवा ऐक. तू बी यी. माझ्याशेजारी बस.

तानाबाई: बघू. जातो मी, डेअरी बंद व्हईल.

बायडाबाई: उंबरा बघून जा, तानाबाई. सावकास. सांडंल.