कुंपणावरची कळलावी

"हॅलो?… हॅलो, दौंड ठेसन का? पार्सल हापिसातले बापूसाहेब पायजेत… त्यांची बहीण बोलतीय, यवतवरनं."

यवतच्या पोस्टात सखूबाईनं फोन दोन्ही हातांनी धरला होता. सासरहून, कासुर्डीवरनं ती तशीच चालत आली होती. नखांत माती होती.

"दादा?… मीच, सखू… न्हाई, कुणाला काय झालं न्हाई. अरे ऐक तर… ह्यांनी माझी कळलावी उपटली… कळलावी रे! भुलेश्वराच्या डोंगरावरनं गड्डा आणून कुंपणाला लावली होती ती… व्हय, तीच, लाल-पिवळ्या फुलांची."

"येडी न्हाई मी, नुसत्या वेलासाठी फोन करायला… पण लई जपली होती रे. बुडाशी पाणी साचलं की गड्डा कुजतो, म्हणून मुरूम घालून उंचवटा केला. वर चढायला काटक्या रोवल्या. थंडीत वाळली की सासूबाई म्हणायच्या, मेली तुझी रानातली. आन् पाऊस लागला की कोंब वर… हां, हां, सांगते की!"

"ते म्हणत्यात, कळलावी दारात हाय म्हणून घरात कळ लागते. हे दुसरी बायको करायला निघाले, आन् कळ वेलानं लावली व्हय?… मूल न्हाई म्हणून, दुसरं काय!… थांब, पुढचं ऐक. आता गावभर सांगत सुटल्यात, तो गड्डा इखारी असतो, सखूनं नव्या बायकोला खायला घालायला पिकवलाय… काय? काय म्हणलास?"

पोस्टमास्तरांचा शिक्का हातातच राहिला.

"तू मला इचारतोस, तसलं काय मनात होतं का म्हणून?… दादा, दुसऱ्या लग्नाचं नाव नव्हतं तवापासनं वेल हाय. फुलं यावीत म्हणून लावली रे. त्या घरात माझं म्हणावं असं दुसरं काय होतं?"

तिनं पदरानं नाक पुसलं.

"बरं, ऱ्हाऊ दे. मी तुझ्याकडं येते, आजच… वहिनीला मी सांगते ना… अरे, बसून खाणार हाय का मी? धुणीभांडी करीन… समजून घेऊ? काय समजून घेऊ?… नवी बायको गुणाची हाय?… कारेगावची पोर हाय, मोठी भण म्हणून मला मान देईल…"

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दादा, ती कारेगावची हाय, हे तुला कुणी सांगितलं?… न्हाई, मी न्हाई बोलले. मलाच ठावं नव्हतं… बोल की… सुपारी फुटली तवा तू तिथं बसला होतास?… व्हय का न्हाई, एवढंच सांग."

तिनं फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"हं… माझ्याच भल्यासाठी… घरातनं काढणार न्हाईत, असा शब्द घेतलास त्यांच्याकडनं… आन् चहा पिऊन आलास. मला एका शब्दानं बोलला न्हाईस… न्हाई, रडत न्हाई मी."

"परत? कासुर्डीला? न्हाई… तुझ्याकडं बी न्हाई. वहिनीला सांग, घाबरू नगंस… कुठं जाणार? ते तुला कशाला सांगू, दादा? तुला सांगितलं की ते त्यांना कळतंय."

पलीकडं बोलणं चालूच होतं. सखूबाईनं फोन ठेवला.