‘या’ म्हणजे बटन दाब

—नाही, खोटं नको बोलूस क्वेन, पंक्चर हे निमित्त आहे. गावात टायरवाले तीन, आणि तू नेमकी माझ्याकडे येतेस? गुरुवारी तुझ्या आईच्या भरपाईच्या अपिलाची सुनावणी, आणि आज तुझा टायर बसतो? बस तिथे. त्या स्टुलावर नको, पाय मोडलाय त्याचा. आणि अशी बघू नकोस. मी शाळा सोडली तेव्हा वर्गातली तू एकटीच विचारायला आली होतीस, का सोडलीस म्हणून. तेव्हा सांगितलं नाही. मामाने मांसाच्या कारखान्यात चिकटवलं, दुसरं काय! आम्हा सोमाल्यांत मोठी माणसं ठरवतात आणि वर त्यालाच आशीर्वाद म्हणतात.

जॅक लावतो, जरा सरक. तो कागद पूर्ण वाचलास का तू? कंपनीच्या वकिलाने काय झकास तक्ता केलाय! शब्द एवढासा — ‘या’ — आणि त्याच्यापुढे नऊ भाषा. मेक्सिकोवाले ‘या’ म्हणतात म्हणजे बस्स, पुरे. तुम्ही व्हिएतनामी मोठ्यांना म्हणता ते ‘हो जी’. बर्मी पोरांचं म्हणजे जमतंय, चालेल. सुदानवाले कुणाला हाक मारताना नावाआधी लावतात. रशियनमध्ये म्हणे ‘मी’ — आता आमच्या मांसाच्या सरकत्या पट्ट्यावर रशियन औषधाला नाही, पण तक्त्याला शोभा! आणि आमच्या सोमालीत ‘कोण?’. सगळं खरं आहे हं. एक ओळ खोटी नाही. तीच तर हरामखोरी — सगळं खरं खरं रचायचं आणि खाली एकच खोटं ठेवायचं. ते खोटं माझं. माझ्या सहीचं. ‘थोआबाई ओरडल्या तेव्हा त्या “कोण?” असं विचारतायत की मुकादमाला “हो” म्हणतायत, ते मला कळलं नाही.’ झालं! कंपनीने शिकवलेला ‘स्टॉप’ हा शब्द तुझ्या आईने वापरला नाही, म्हणून दोष तिचा, निष्काळजी बाई ती, आणि आता तो शिक्का बघून दुसरीकडेही तिला कुणी कामावर घेत नाही. माहीत आहे मला. सगळं माहीत आहे.

कळलं नाही म्हणे! अगं, नाझारियो म्हातारा — अठरा वर्षं तिथे, दोन्ही अंगठे आता सरळ होत नाहीत त्याचे — नवा माणूस आला की त्याचा हात धरून पट्टा थांबवायच्या लाल बटनावर ठेवायचा आणि ओरडायला लावायचा. या! या! सगळ्यांदेखत, घसा बसेपर्यंत. का? तर कानांत बोळे, वर यंत्रांचा आवाज — ऐकू येणार डोंबल. तिथे तोंडं बघायची असतात. ‘स्टॉप’ म्हणताना ओठ मिटतात, लांबून वाटतं माणूस काहीतरी चघळतोय. ‘या’ला जबडा उघडा पडतो. पट्ट्याच्या त्या टोकावरून दिसतो. म्हणून तो शब्द. घरी कुणाची भाषा काय ते घरी — पट्ट्यावर अर्थ एकच, बटन दाब. मी पहिल्या दिवशी लाजत लाजत ओरडलो तर तुझी आई म्हणाली, ‘अरे, कुणाला मागणी घालतोयस का? ओरड की!’ केवढे हसले सगळे. मोडकंतोडकं बोलते, पण टोमणा बरोबर बसतो तिचा.

तिचं तोंड दिसलं मला, क्वेन. बाही रोलरमध्ये गेलेली — नुसती बाही तेव्हा. आणि माझा हात बटनाजवळ नव्हता, बटनावर होता. समोर शिरवामामा. त्याच आठवड्यात मुकादम झालेला, आमच्यातला पहिलाच. घरी बकरा कापला होता, म्हातारे एकेक येऊन पाठ थोपटून गेले होते. आणि पट्टा दोनदा बंद पडलेला. तिसऱ्यांदा पडला की मुकादमी गेली. त्याने काय केलं? काही नाही. तळहात वर केला, इतकाच. थांब. म्हणजे मी थांबायचं, पट्ट्याने नाही. आणि मी त्या हाताकडे बघत राहिलो — लहानपणापासून तेच तर शिकवलंय, मोठ्यांच्या हाताकडे बघायचं. मग रोलरचा आवाज बदलला.

संध्याकाळी पाच म्हातारे घरी. वेलचीचा चहा. ‘गुलेद, तुझ्या बोलण्याने तिची बोटं परत येणार आहेत का?’ — काय प्रश्न आहे बघ! ‘सख्ख्या मामाचं घर बुडवशील?’ आणि माझे वडील — तिकडे मास्तर होते, खोटं बोलणाऱ्या पोरांना छड्या मारायचे — ते कपात बघत बसले. साखर ढवळत. सगळ्यांना शिव्या देतो मी, रोज देतो, मनातल्या मनात. पण पेन कुणी माझ्या बोटांत कोंबलं नव्हतं. मीच उचललं.

थांब — हे काय? खिळा. छपरावर मारतात तसला, चांगला बोटभर आत गेलाय... म्हणजे पंक्चर खरंच आहे? तू यासाठीच... बाकीचे दोघं बंद? हो. रविवार आज.

मग तुला यातलं काहीच... आणि आईला? तिला काय वाटतं? — काय? परत बोल. ‘पोरगं नवं होतं, घाबरलं असेल’? असं म्हणते? अजून? — माझ्याबद्दल?

फोन ठेव तो खाली. रेकॉर्डिंग चालू आहे का? ठेव म्हटलं ना! हे बघ, इथे बोलणं वेगळं. तिथे मामा समोर बसणार, मागच्या रांगेत ते पाच. नाही, साक्षीला नाही म्हणत नाही मी. हो पण म्हणत नाही. झाला टायर. पैसे नकोत — नकोत म्हणतो ना, ठेव ते पर्समध्ये. जा. आई वाट बघत असेल.

किती वाजता आहे गुरुवारी? —

नको. सांगू नकोस. जा तू.