उखर्डू शेठचे निळे माठ

मालूबाई : थुंकला! त्या केळीवाल्यानं घोट तोंडात घेतला अन् तिथंच थुंकला. तुझ्या बापाच्या नावावर!

ललित : आई, हळू बोल ना. सगळा शनवारा बाजार पाहून राहिला.

मालूबाई : पाहू दे. काल तं हसून राह्यला होता. ऐकलं नाही काय म्हणत होते? 'उखर्डूनं जिवंतपणी दुकानावर कोणाले घोटभर पाणी नाही दिलं. आता मेल्यावर पाजतो, तं गरम!'

ललित : फालतू लोक आहेत.

मालूबाई : फालतू कसे? खोटं काय बोलले? 'आधी कापड घे, मग पाणी माग,' म्हणायचे ते गिऱ्हाइकाले. हे बोलणं धुऊन निघावं म्हणून तं त्यांच्याच ओट्यावर पाणपोई मांडली. अन् तू काय केलं?

ललित : मी काय केलं? माठ नवे, सावलीत ठेवले, पाणी रोज ताजं. गर्मीच एवढी आहे, तर माठ बिचारा काय करेल?

मालूबाई : मग घरचा माठ काय काश्मिरात ठेवलाय? त्याच्या पाण्यानं दात शिवशिवतात.

ललित : तेच तर समजत नाही. कुंभार एकच, माती एकच.

मालूबाई : हात लाव. घरच्या माठाले हात लावला की ओला होतो. हा बघ, कोरडाठाक.

ललित : निळा ऑइल पेंट आहे ना त्याच्यावर. दोन हात मारलेत. वर बाबांचं नाव. एकदम टकाटक!

मालूबाई : अरे, माठाले घाम फुटतो, तो वाऱ्यानं वाळतो अन् वाळता वाळता आतली गर्मी घेऊन जातो. तू त्याले रेनकोट घातला!

ललित : अच्छा, मी घातला? 'ओट्यावर पाणी झिरपून चिखल होतो, लोक म्हणतील उखर्डूच्या घरचे माठ गळके,' हे कोण बोललं? पहिला हात मी मारला. दुसरा तू मारायला लावला.

(मालूबाई पदरानं माठ पुसून पाहते. पदर कोरडाच.)

मालूबाई : मले काय माहीत, तू बुडापर्यंत फासशील.

ललित : वाकून वाकून तूच दाखवत होती! 'इथं राह्यलं, तिथं राह्यलं.'

मालूबाई : बरं, दाखवलं. आता?

ललित : बर्फाची लादी आणून टाकतो.

मालूबाई : ती किती वेळ टिकंल या उन्हात? घटकाभरानं पुन्हा चहाचं पाणी.

ललित : मग रंग घासून काढतो.

मालूबाई : मातीत मुरला तो, नाही निघायचा. घरचा माठ आण. अन् कुंभाराकडून दोन कोरे. होऊ दे चिखल.

ललित : त्यांच्यावर नाव?

मालूबाई : नको.

ललित : छोटंसं? खडूनं?

मालूबाई : नको म्हटलं ना.

ललित : मग लोकांना कळणार कसं, बाबांनी पाणी पाजलं म्हणून?

मालूबाई : आधी पाजू तं दे त्यांले.