साहेबांचा गाजलेला धडा

आजच्या निवृत्ती समारंभाचे अध्यक्ष, सन्माननीय विश्वंभर कानडे साहेब, शाल-श्रीफळ स्वीकारून बसलेले सत्कारमूर्ती, माझे वरिष्ठ, श्री. व्यंकटराव साहेब, त्यांच्या पत्नी सौ. सरिताताई, आमच्या प्रशिक्षण केंद्रात शिकून गेलेले आणि सध्या शिकत असलेले परिवीक्षा अधिकारी, तुरुंग खात्यातले बंधू-भगिनी, आणि ऐन हळदीच्या हंगामात मोंढ्यातल्या गर्दीतून वाट काढत इथवर आलेले हिंगोलीकर हो,

सूत्रसंचालन करणाऱ्या प्रतिक्षाने मला दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. प्रतिक्षा, बाळ, माझे दोन शब्द लांबणार आहेत. जेवण थंड होईल. होऊ दे.

माझ्याआधी जे बोलले, त्या सगळ्यांनी साहेबांच्या एकाच धड्याचं कौतुक केलं. बरोबरच आहे. ज्यांना आमचं काम ठाऊक नाही, त्यांच्यासाठी सांगते. पहिल्यांदाच गुन्हा केलेल्या माणसाला तुरुंगात धाडायचं, की आमच्या देखरेखीखाली घरी ठेवायचं, हे न्यायाधीश ठरवतात. पण न्यायाधीश काही त्याच्या घरी जात नाहीत. घरी आम्ही जातो. घर कसं आहे, आईबाप सांभाळतील का, गाव काय म्हणतं, हे पाहून आम्ही कोर्टाला सांगतो. कोर्ट आमच्या डोळ्यांनी बघतं. म्हणून नव्या अधिकाऱ्याला पहिल्यांदा गृहभेट शिकवतात, आणि गृहभेट शिकवावी ती व्यंकटराव साहेबांनीच!

त्यांचा तो धडा आज सकाळी याच सभागृहात, माझ्याच विनंतीवरून, शेवटचा झाला. ज्यांचा चुकला त्यांच्यासाठी थोडक्यात. साहेब नव्यानेच नोकरीला लागलेले. गोरेगावजवळच्या एका तांड्यावरचं पोरगं, पाण्याची मोटार चोरताना सापडलेलं. साहेब ऊन डोक्यावर घेऊन तांड्यावर पायी गेले. अंगणात बाजेवर बाप दारू पिऊन पडलेला. आई चुलीपाशी. साहेबांनी विचारलं, "बाई, पोराला घरी पाठवलं तर सांभाळशील का?" आणि आई चुलीतलं लाकूड उगारून म्हणाली, "न्या त्याला! मला नगं हा चोर. मेला तरी चालंल!"

इथे साहेब आवाज बदलतात. हात उगारतात. दरवेळी हशा होतो. मग ते गंभीर होऊन म्हणतात, "मित्रांनो, त्या दिवशी मला कळलं. काही पोरांना परत पाठवण्यासारखं घरच नसतं."

टाळ्या. आज सकाळीही पडल्या.

मी प्रशिक्षणार्थी म्हणून हा धडा पहिल्यांदा ऐकला, तेव्हा हात वर करून विचारलं होतं, "सर, त्यांचं घर कसं होतं?" साहेब हसून म्हणाले, "अहो मॅडम, तांड्यावरची घरं काय, सगळी सारखीच असतात." मी खाली बसले. साहेब, तेव्हापासून मी बसूनच आहे. आज उठले.

अध्यक्ष साहेब, घंटी वाजवू नका. मी शिस्तीतच बोलते आहे.

सत्कारमूर्तींना एक छोटासा प्रश्न विचारते. साहेब, त्या बाजेवरचा बाप दिसायला कसा होता हो? तुमची स्मरणशक्ती दांडगी आहे, सगळे सांगतात. ... काय म्हणालात? माईक नाही त्यांच्याजवळ, मी सांगते. साहेब म्हणतात, "चांगला आडदांड, मिशाळ, डोक्याला लाल फेटा."

धन्यवाद. पहिल्या रांगेत हिरव्या लुगड्यातल्या बाई बसल्या आहेत, त्यांना काही बोलायचं आहे. बोला हो, मोठ्यानं बोला.

"सायब, माझा खेमा पोटात व्हता तवाच त्याचा बाप गेला. तुमाला कुठं गाठ पडला? मलाबी एकदा भेटवा की! लई दिवस झाले बघून."

हसू नका. नाही, हसा. दरवर्षी हसलात, आज का मागे राहता?

या मिराबाई. धड्यातल्या लाकूड उगारणाऱ्या आई त्या ह्याच. तांड्यावर आम्ही आईला याडी म्हणतो. 'आम्ही' म्हणते आहे, साहेब. लग्नानंतर माझं नाव बदललं, आणि माझं माहेर कोणतं हे तुम्ही इतक्या वर्षांत कधी विचारलं नाहीत. गृहभेटीचे गुरू तुम्ही!

आता त्या दिवशी काय झालं ते ऐका. साहेब येणार म्हणून याडीनं पहाटे अंगण सारवलं. मास्तरांच्या घरून कपबशी मागून आणली. मी तेव्हा कॉलेजात होते. साहेबांना वाट दाखवायला मला गोरेगावच्या रस्त्यावर उभं केलं होतं. जीप आली. ती थांबली गोरेगावातच, उत्तमरावांच्या दारात. मोटार चोरीला गेली होती ती याच उत्तमरावांची. फिर्याद त्यांची आणि पाहुणचारही त्यांचाच. मी ओट्याखाली उभी. आत ताटं वाढली गेली. उत्तमराव सांगत होते, "सायब, त्या तांड्याचं काय बघता? बाप दारुडा, माय कजाग. उन्हात काहून जाता? बसा, अजून एक भाकर घ्या." साहेबांनी भाकर घेतली. हात धुऊन बाहेर आले. मी म्हणाले, "साहेब, घर जवळच आहे, चला ना." ते म्हणाले, "झालं माझं काम. जा तू." आणि जीप हिंगोलीकडे वळली.

तांड्यावर याडी अंधार पडेपर्यंत कपबशी राखत बसली होती. दूध नासलं.

माझ्या भावानं चोरी केली होती. मी ते नाकारत नाही. दोघा थोराड गड्यांच्या नादी लागून केली, पकडल्यावर कबूल केली, आणि त्याची जी काही शिक्षा असेल ती त्याची होती. पण कोर्टात उभं राहून त्यानं काय ऐकलं? "आई मुलाला घरात घ्यायला तयार नाही." सरकारी साहेब सांगतो आहे म्हणजे खरंच असणार! याडी बाहेर, निंबाखाली, त्याच्यासाठी भाकरी बांधून बसली होती. तिला आतलं काही ऐकू गेलं नाही. तो पोलिसांबरोबर तिच्या समोरून गेला आणि तिच्याकडे बघितलंही नाही. तिला वाटलं, लाजला.

शिक्षा भोगून खेमा सुटला तो परस्पर निजामाबादेकडे गेला. तिकडेच लग्न केलं, लेकरं झाली. लेकरांना सांगितलं, मला माय न्हाई. मी दोनदा जाऊन आले. म्हणाले, ते खोटं होतं. तो म्हणाला, "बाई, तू बहीण आहेस, तू झाकणारच. सायबाला माझ्याशी खोटं बोलून काय मिळणार होतं?"

काय मिळालं होतं, सांगू? एक जेवण. आणि उन्हातला एक फेरा वाचला.

मी या खात्यात आले ती समाजसेवेच्या ओढीनं, असं मघाशी कुणीतरी म्हणालं. त्यांचे आभार. मी आले ती या एका माणसासाठी. बदला घ्यायचा तर त्याच्याच कामात घ्यायचा, असं ठरवून आले. काम नीट शिकले, नीट केलं, कारण कच्च्या माणसाला कुणी ऐकून घेत नाही. सरिताताई, तुमचा यात काही दोष नाही. आजचा दिवस तुमचाही होता, हे मला कळतं. तरीही मी हाच दिवस निवडला. एकांतात बोलले असते तर साहेबांनी एकांतात माफी मागून टाकली असती. लेकराच्या आईचं नाव त्यांनी भरल्या सभागृहांत घालवलं. हिशेबही भरल्या सभागृहातच व्हायला हवा.

पुढच्या महिन्यापासून प्रशिक्षणाची जबाबदारी माझ्याकडे येते आहे. साहेबांचा धडा बंद होणार, अशी भीती कुणी बाळगू नये. धडा चालू राहील. दरवर्षी, प्रत्येक नव्या तुकडीला, पहिल्याच दिवशी. फक्त यापुढे तो मी शिकवीन, आणि गोरेगावच्या ओट्यावरून शिकवीन. नावासकट.

समारंभ नेटका आखणाऱ्या प्रतिक्षाचे, मला न थांबवणाऱ्या अध्यक्ष साहेबांचे आणि सकाळपासून याडीला पाणी-चहा विचारणाऱ्या सगळ्या प्रशिक्षणार्थींचे मी मनापासून आभार मानते. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहून गेलं असेल, मानपानात काही उणं राहिलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. जे बोलले त्याची मात्र मी माफी मागत नाही.

कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे यानंतर सत्कारमूर्तींचं मनोगत आहे. साहेब, या. माईक तुमच्या उंचीला करून देते.

आणि एक सांगायचं राहिलं. मागे, दाराशेजारच्या खुर्चीवर एक माणूस बसला आहे. पांढरा सदरा, कानशिलं पिकलेली. आज पहाटेच्या गाडीनं निजामाबादेहून आला आहे. सकाळचा धडा त्यानं पूर्ण ऐकला. आपल्या मेलेल्या बापाला तुम्ही बाजेवर झोपवलंत तेव्हा तो पहिल्यांदा उठून उभा राहिला होता. आईशी अजून बोललेला नाही. बहिणीचं त्याला पटत नाही. त्याला साहेबाच्याच तोंडून ऐकायचं आहे.

बोला, साहेब. सरळ त्याच्याकडे बघून बोला.