धक्क्यावर राहिलेल्या वडिलांबाबत

माझे नाव व कायमचा पत्ता ओळखपत्रावरून नोंदवहीत उतरविला आहे. वय एक्कावन्न वर्षे. व्यवसाय नोकरी, विमा कंपनीत जोखीम-निर्धारण अधिकारी. म्हणजे मनुष्यास काय काय होऊ शकते याचा आगाऊ अंदाज बांधणे. सध्या मुक्काम तलावाकाठच्या पर्यटक निवासात. समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

मी, माझी पत्नी व माझे वडील, वय बहात्तर, निवृत्त पोस्टमन, असे तिघे डोंगरी सायकलींच्या पाच दिवसांच्या साहससहलीत सहभागी आहोत. सदर सहल तलावास प्रदक्षिणा घालते, फक्त उत्तरेकडचा टप्पा लाँचने. माहितीपत्रकात ‘साहस’ हा शब्द सहा वेळा आला आहे. ‘विश्रांती’ हा शब्द एकदाच, तोही सायकलींच्या संदर्भात.

या उपक्रमास माझा विरोध होता. वडिलांना गतवर्षी हृदयविकाराचा सौम्य झटका आला. त्याआधी चार महिने आई गेली. तेव्हापासून त्यांची सर्व व्यवस्था माझ्याकडे आहे. सहलीत नाव त्यांनी परस्पर नोंदविले व मला जेवताना सांगितले. सबब त्यांच्या रक्षणार्थ मी सोबत आलो. सायकल चालविण्याचा माझा अनुभव शालेय जीवनातच समाप्त झालेला आहे. वडिलांचा अनुभव चौतीस वर्षांचा आहे, टपालाच्या थैलीसह.

पहिले दोन दिवस मी त्यांच्या पाठोपाठ राहून उतार, खडी, वळणे व हृदयगती यांविषयी वेळोवेळी सूचना दिल्या. त्यावर त्यांनी सहलीच्या मार्गदर्शिकेस सांगितले, “हा माझा मुलगा नव्हे बाई, मागचा ब्रेक आहे.” पत्नी मला म्हणाली, “अहो, तुम्ही बाबांना सुट्टीवर आणलंय की जामिनावर?” चढावर श्वासाची टंचाई असल्याने मी फक्त घंटी वाजविली.

आज तिसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही पश्चिमेकडील धक्क्यावर पोहोचलो. तेथून सव्वाबाराच्या लाँचने अलीकडच्या काठावर यावयाचे होते. “जरा पाय मोकळे करून येतो,” असे म्हणून वडील धक्क्याच्या शेडकडे गेले. सतत अडीच तास पाय चालविणाऱ्या इसमास ते मोकळे करण्याची निकड का भासावी, हे मला कळले नाही. त्यांना वजन उचलण्यास मनाई असल्याने त्यांची सायकल मीच लाँचवर चढविली व ती कलंडू नये म्हणून धरून उभा राहिलो. माझी पाठ धक्क्याकडे होती.

लाँच सोडण्यापूर्वी मार्गदर्शिका मोजणी करते. ती माणसे मोजत नाही, सायकली मोजते. कारण विचारता ती म्हणाली, “माणसं इकडेतिकडे फिरतात हो काका, सायकली एका जागी असतात.” सात पर्यटक व ती स्वतः, एकूण आठ. सायकली आठ भरल्या. लाँच सुटली. मोजणी बिनचूक होती, हे मी मान्य करतो. वडिलांची सायकल मी चढविली नसती, तर ती सातच भरली असती.

साडेबाराची गोळी व पाण्याची बाटली घेऊन मी त्यांना शोधू लागलो. लाँचवर ते आढळून आले नाहीत. चालकाने मध्येच लाँच वळविण्यास नकार दिला. पलीकडच्या तिकीटघरातून मार्गदर्शिकेस फोनवर एवढेच कळले की, एक आजोबा चढाच्या वाटेने पायी गेले. परतीची लाँच संध्याकाळी असल्याने मी दोन वाजता या पोलीस ठाण्यात आलो.

ठाणे अंमलदारांनी वर्णन विचारले. उंची, वजन, रक्तगट व रक्तदाब मी सांगितला. शर्टाचा रंग मला सांगता आला नाही. पत्नीने तो पिस्ता रंगाचा असल्याचे सांगितले. वडिलांनी तो या सहलीसाठी नवीन घेतला आहे. त्यांच्याजवळ कोणत्या वस्तू होत्या, असे विचारता मी सांगितले की फोन, पाकीट, जवळचा चष्मा, ओळखपत्र, जाकीट व औषधे, सर्व माझ्या पिशवीत सुरक्षित आहे. “मग त्यांच्याजवळ काय राहिलं?” असे अंमलदारांनी विचारले. या प्रश्नास मी उत्तर दिले नाही, असे लिहावे.

तीन वाजून पस्तीस मिनिटांनी माझ्या पिशवीतील वडिलांचा फोन वाजला. अंमलदारांच्या सांगण्यावरून तो स्पीकरवर घेतला.

“हा माझा फोन आहे,” पलीकडून वडील म्हणाले.

“बाबा! कुठं आहात तुम्ही?”

“चढ संपतो तिथं. सायकलीचं दुकान आहे. दुकानदाराचं एक चाक डुगडुगत होतं, ते सरळ करून दिलं. त्यानं मला त्याची जुनी सायकल दिलीय. गियरबियर काही नाही. झकास चालते.”

“गोळी?”

“घेतली. औषधाच्या दुकानातून. चाकाचे पैसे मिळाले, त्यातून.”

“तुम्हाला नाव कसं माहीत?”

“अरे, चौतीस वर्षं गावभरची नावं पाठ होती मला. माझ्या दोन गोळ्यांची राहणार नाहीत?”

मी त्यांना लाँच सुटताना ते कोठे होते, असे विचारले.

“धक्क्यावरच होतो. तू दिसत होतास. माझी सायकल घट्ट धरून उभा होतास, पाठमोरा.”

“मग हाक का नाही मारलीत?”

अंमलदारांनी लिहिणे थांबविले होते.

“मारणार होतो,” वडील म्हणाले. “मग म्हटलं, बघू, किती वेळानं मागं वळतोय.”

मी गाडी करून लगेच येतो, असे मी सांगितले. त्यावर ते म्हणाले, “आलास, तर यावेळी खरंच बेपत्ता होईन. उत्तरेकडच्या रस्त्यानं येतो. रात्री मध्ये कुठंतरी झोपेन. उद्या दुपारी पोचतो. सूनबाईला सांग, जेवलोय.” फोन त्यांनी बंद केला. मला जे विचारावयाचे होते, ते तोवर विचारून झालेले नव्हते.

माझी कोणाविरुद्ध, विशेषतः मार्गदर्शिकेविरुद्ध, तक्रार नाही. पलीकडच्या ठाण्यास शोधाचा निरोप गेला आहे, तो मागे घ्यायचा काय, असे अंमलदारांनी मला दोनदा विचारले. पहिल्या वेळी मी उत्तरेकडच्या रस्त्यावरील उतारांची माहिती विचारली. दुसऱ्या वेळी पत्नीने माझ्याकडे पाहिले. मी होय म्हणालो. कारणाच्या रकान्यात पुढीलप्रमाणे लिहावे: सदर व्यक्ती आपण कोठे आहोत हे जाणून आहे.

हे सारे मला सावकाश वाचून दाखविण्यात आले. ऐकताना ते अपेक्षेपेक्षा लांब वाटले, तथापि शब्द माझेच आहेत व मजकूर बरोबर आहे. म्हणून खाली सही करतो.